‘क्यूसी पास’ : पण पास कोण झालं?

नवा शर्ट उघडला की आधी कचराच निघतो. कॉलरमधला प्लास्टिकचा पट्टा, पाठीचा पुठ्ठा, चार टाचण्या, ब्रँडचं चकचकीत कार्ड आणि या सगळ्यात एक गोल स्टिकर : ‘क्यूसी पास’, म्हणजे क्वालिटी कंट्रोलमध्ये पास. कधी खिशात बोटभर चिठ्ठी असते, तिच्यावर नुसता एखाद्या तपासनीसाचा नंबर. तिवस्याच्या बाजारातली गंजी असो की अमरावतीला जवाहर गेटजवळ घेतलेली लग्नाची पँट, असलं काहीतरी चिकटलेलं सापडतंच. दुकानात मात्र बोलणं वेगळंच चाललेलं असतं. “भाऊ, धुतल्यावर कलर जाईन काय?” “नाही जात ताई, मी सांगतो ना!” स्टिकर वाचून कपडा घेणारं गिऱ्हाईक शोधूनही सापडायचं नाही आणि त्यात गिऱ्हाइकाचं काहीच चुकत नाही. चूक होते ती पुढे. या कचऱ्याबरोबर आपण कामाच्या खुणाही न वाचता फेकून देतो.

तो नंबर कोणाचा?

ती चिठ्ठी आपल्यासाठी लिहिलेलीच नसते. कारखान्यात एक शर्ट एका हातून शिवला जात नाही. कॉलर एका मशीनवर, बाही दुसऱ्या, काज-बटण तिसऱ्या. शेवटी तो तपासणीच्या टेबलावर येतो. तिथे लोंबते धागे कापतात, शिवण ताणून बघतात, कॉलरची दोन्ही टोकं जुळवतात आणि तपासणारा आपला नंबर टाकतो. उद्या खरेदीदार कंपनीची तक्रार आली तर माल कोणत्या टेबलावरून सुटला हे कळावं, एवढंच त्या नंबरचं काम. आपल्याकडे आल्यावर त्याला ना पत्ता, ना फोन.

त्याहून कामाचं असतं ते बाणाचं बारीक स्टिकर. तपासताना जिथे दोष दिसतो तिथे टोक करून हा बाण चिकटवतात, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याला शोधत बसावं लागत नाही. कधीकधी दुरुस्तीनंतर तो तसाच राहतो आणि कपड्यासोबत दुकानात येतो. शर्टाच्या आत असा बाण दिसला तर टोकाकडे नीट बघा. तिथली शिवण खरंच दुरुस्त झालीय की बाण नुसताच विसरलाय, हे तिथल्या तिथे कळतं.

१२५ बघायचे, ३,००० सोडायचे

आता या तपासणीतली सगळ्यात चकित करणारी गोष्ट. कारखान्याची माणसं तुकडा न् तुकडा बघतात, पण खरेदीदार कंपनीची शेवटची तपासणी बहुतेक वेळा नमुन्यावर चालते. त्यासाठी जगभर सर्रास वापरला जाणारा तक्ता म्हणजे आयएसओ २८५९-१. त्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लष्कराच्या खरेदीत आहे. लाखो वस्तू एकेक करून तपासायला वेळ नव्हता, तेव्हा गणितज्ञांनी किती नमुने काढायचे आणि किती दोष चालवून घ्यायचे याचे आकडे बसवून दिले.

तयार कपड्यांत मोठ्या दोषांसाठी बऱ्याचदा या तक्त्यातली २.५ ही पातळी धरतात. नेहमीच्या पद्धतीने गेलं तर ३,००० शर्टांच्या खेपेतून १२५ शर्ट काढायचे. त्यात मोठा दोष असलेले ७ निघाले तरी खेप पास! आठवा निघाला की नापास. म्हणजे काही मुलांच्या वह्या तपासून अख्खा वर्ग वर चढवावा, तसा हा प्रकार. पास झाली ती खेप. तुमच्या हातातला शर्ट त्या १२५ मध्ये होता की नव्हता, हे स्टिकर सांगत नाही.

पण एका बाबतीत अशी सूट नाही, आणि हे वाचून आईबापांना बरं वाटेल. सुईचं तुटकं टोक कपड्यात राहिलं तर तो दोष एकही चालत नाही. चांगल्या कारखान्यांत सुई मोडली की तिचे सगळे तुकडे गोळा करून, वहीत चिकटवून नोंद ठेवावी लागते. तुकडा कमी भरला तर तिथला माल बाजूला काढून शोधतात. लहान मुलांचे कपडे तर धातू ओळखणाऱ्या यंत्रातूनही काढतात. हे सगळं करणाऱ्या कारखान्याचं स्टिकर आणि यातलं काहीच न करणाऱ्याचं स्टिकर दिसायला सारखंच, कारण ‘क्यूसी पास’ या शब्दांमागे ठरलेला असा एकच निकष नाही.

शिवायच्या आधी थानाचीही परीक्षा होते. तिला चार गुणांची पद्धत म्हणतात. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन, त्यापुढे चार. १०० चौरस यार्डांत ४० पेक्षा जास्त गुण झाले की थान सहसा नाकारतात. इथे गुण जितके जास्त, तितकं नापास होणं जवळ!

खरी तपासणी शेतकऱ्याचीच

तिवसा तालुक्यातल्या माणसाला तपासणी म्हणजे काय हे शर्टापेक्षा कापसाच्या गाडीवरून जास्त माहीत. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर गाडी लागली की ग्रेडर आधी ओलाव्याचं यंत्र खुपसतो. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे टक्क्यागणिक कपात, १२ च्या वर गेला की खरेदीच नाही. मग धाग्याची लांबी, मग मायक्रोनेअर म्हणजे धाग्याचा जाडपणा आणि पक्वपणा, मग काडीकचरा. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात बोंडं भिजली की पहिल्या वेच्यातच ओलाव्याची धास्ती असते. कापडाच्या सगळ्या प्रवासात इतकी कडक परीक्षा, तीही मालकाच्या डोळ्यांदेखत, दुसऱ्या कोणत्या टप्प्यावर होते? शर्टावर मात्र या परीक्षेची एक ओळही उरत नाही, हे मला मनापासून खटकतं.

आणि ही परीक्षा आजची नाही. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडचा कापूस ‘ऊमरा’ या नावाने विकला जाई. उमरावतीवरून, म्हणजे आपल्या अमरावतीवरून पडलेलं ते नाव. शहराचं नावच मालाचा दर्जा सांगत होतं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. दिवस आले तशी भेसळही आली : सरकी, माती, पाणी मारून वाढवलेलं वजन. कापसातल्या लबाडीविरुद्ध मुंबई सरकारने १८२९ मध्ये कायदा केलाच होता, १८६३ मध्ये पुन्हा केला.

माझ्या मते टॅगच्या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं पाऊल १९२५ चं आहे. त्या वर्षीच्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर अनुक्रमांक आणि ती दाबणाऱ्या प्रेसची खूण बंधनकारक केली. गाठ कुठेही उघडा, आत दगड निघाला तर प्रेस सापडणार! खूण करणाऱ्याला गाठता आलं पाहिजे, हे तेव्हा कापसाच्या बाबतीत मान्य झालं होतं. आज १७० किलोच्या गाठीवर क्यूआर कोड लावण्यापर्यंत मजल गेलीय. ‘कस्तुरी कॉटन’ हे भारतीय कापसाचं नाव ७ ऑक्टोबर २०२० ला, जागतिक कापूस दिनी, जाहीर झालं आणि त्याखाली दर्जा तपासलेल्या गाठींचा माग ठेवतात.

तिवस्याहून अमरावतीकडे निघालं की वाटेत मोझरी, पुढे नांदगाव पेठची एमआयडीसी आणि तिथले कापडाचे कारखाने, मग सिटीलँड, बिझीलँडचे ठोक कपड्यांचे बाजार. शेत, कारखाना आणि दुकान एकाच रस्त्यावर असलेला असा मुलूख फार नाही. इथे तरी शर्टाने आपल्या कापसाचं गाव सांगावं!

वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रं

पूर्वी मँचेस्टरहून कापड येई तेव्हा थानावर रंगीत छापील चित्र चिकटवलेलं असे. देव, राजे, हत्ती, वाघ, झुल्यावरच्या बायका. व्यापारी त्याला टिका किंवा छाप म्हणत. अक्षरओळख नसलेलं गिऱ्हाईक चित्र सांगून तेच कापड पुन्हा मागे. मुंबईच्या गिरण्यांनीही ही रीत उचलली. कित्येकांनी ती चित्रं जपून ठेवली, म्हणून आज ती संग्रहालयांत बघायला मिळतात.

ज्यांच्यामागे कोणीतरी उभं आहे

आता त्या खुणा, ज्या फेकायच्या नाहीत. खादी मार्कचे नियम २०१३ चे. ही खूण नसेल तर ते कापड खादी म्हणून विकताच येत नाही. याची मुळं आपल्या शेजारीच आहेत. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या चरखा संघाने ‘प्रमाणित खादी’ची रीत घातली आणि पुढे वर्धा-सेवाग्राम त्या कामाचं घरच झालं. वर्धा नदी ओलांडली की तो जिल्हा. रेशमासाठी सिल्क मार्क, २००४ पासून. त्यावर होलोग्राम आणि क्रमांक असतो. पैठणी घेताना तो मागायला लाजू नका. हातमागासाठी हँडलूम मार्क, २००६ पासून.

कपड्यावर ‘ओइको-टेक्स’ लिहिलेलं असेल, तर कापडात घातक रसायनं आहेत का ते तपासलेलं असतं. तीन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या कपड्यांना त्यात सगळ्यात कडक मर्यादा आहेत आणि लेबलवरचा क्रमांक इंटरनेटवर पडताळता येतो. शिवण पक्की आहे की नाही, याच्याशी मात्र त्या खुणेचा संबंध नाही.

आणि देशातला सगळ्यात मानाचा तपासलेला कपडा कोणता? तिरंगा! भारतीय मानकांच्या यादीत पहिला क्रमांक, आयएस १, राष्ट्रध्वजाचा आहे. सूत, विणीतले धागे, वजन, रंगाची छटा, रंगाचा पक्केपणा, चक्राची जागा, सगळं ठरलेलं. खादीचा असा ध्वज बनवणाऱ्या देशातल्या मोजक्या केंद्रांपैकी एक नांदेडला आहे, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचं.

टोचणारी पट्टी कापण्याआधी

मानेला किंवा कमरेला टोचणारी आतली पट्टी म्हणजे कपड्याचं खरं आधारकार्ड. धाग्यांचं प्रमाण तिच्यावर असतं. धुण्याच्या खुणा पाचच : पाण्याचं टोपलं, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणं, इस्त्री आणि वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीनिंग. फुली मारली की ते करायचं नाही. इस्त्रीतला एक ठिपका म्हणजे अगदी मंद, तीन म्हणजे कडक. या खुणांची जबाबदारी घेणारी आंतरराष्ट्रीय संघटना १९६३ मध्ये पॅरिसला उभी राहिली.

मापाचंही बघा. आपल्याकडे गंजी आजही ८५, ९०, ९५ अशी सेंटिमीटरमध्येच मागतात, आणि ते अगदी बरोबर आहे. एका कंपनीचा एल दुसरीच्या एमएवढा निघतो, सेंटिमीटर सगळीकडे सारखा. वजनमापाच्या नियमांत २०२२ ला झालेल्या दुरुस्तीनुसार सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवरही एस-एम-एलबरोबर मेट्रिक माप, कमाल किंमत, कंपनीचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल हवा.

रंग जातो का, यालाही मोजपट्टी आहे, फक्त ती लेबलवर छापत नाहीत. धुण्यातल्या पक्केपणाला १ ते ५ असे दर्जे, उन्हातल्या पक्केपणाला १ ते ८. उन्हाची पट्टी म्हणजे निळ्या रंगाचे लोकरीचे आठ तुकडे. कापड त्यांच्याशेजारी उजेडात ठेवून ते कितव्या तुकड्याइतकं विटतं ते बघतात. मे महिन्यात पारा ४५ ला टेकणाऱ्या वऱ्हाडात हा आकडा लेबलवर छापायलाच हवा, असं मला ठामपणे वाटतं.

तोवर आपली बोटं आहेतच. शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणा, फट दिसली तर ठेवून द्या. चौकडीचा शर्ट असेल तर खिशाची चौकट छातीच्या चौकटीशी जुळते का बघा, कारण ती जुळवायला कापड जास्त लागतं आणि घाईत शिवणारा ते टाळतो. ओला पांढरा रुमाल गडद कापडावर घासा. ‘प्युअर कॉटन’बद्दल शंका असेल तर घरी शिवणीच्या आतला एक धागा काढून जाळा. सूत कागदासारखं जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

आणि बिल घ्या. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी कितीही मोठ्या अक्षरांत असली, तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरतात. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, आणि तिथे तक्रार मराठीतूनही सांगता येते.