चार्जिंगचं भोक असलेली, तरी फेकायचीच

रोजच्या वस्तूंच्या पोटात : लेखांक १४

मे २०२४ मध्ये मी लेस्टरला मावसभावाकडे आठ दिवस होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्यानं खिशातून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, गुळगुळीत, फिक्या जांभळ्या रंगाची. वर ओठांत धरायचं चपटं टोक, खाली मोबाइलला असतं तसं चार्जिंगचं भोक. "दादा, तू आयुष्यभर असल्या वस्तू उघडत आलायस. मी रोज वापरतो, ही ठीक आहे का सांग," तो म्हणाला.

तो तेव्हा बावन्न वर्षांचा होता. पंचवीस वर्षं दिवसाला पंधरा सिगारेटी ओढणारा माणूस, आणि त्या वस्तूमुळे सात महिन्यांत एकही सिगारेट पेटवली नव्हती. जिना चढताना त्याला लागणारी धाप मला ठाऊक होती. आता ती कमी झालेली मी डोळ्यांनी पाहत होतो. म्हणून त्याच्या प्रश्नाला 'फेकून दे' असं झटक्यात उत्तर देणं मला योग्य वाटलं नाही. वस्तू नीट तपासायची आणि जे दिसेल ते सांगायचं, असं ठरवलं. आजचा लेखांक त्या तपासणीचा आहे.

ती वस्तू म्हणजे ई-सिगारेट, म्हणजेच वेप. एक गोष्ट आधीच सांगतो. भारतात २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. उत्पादन, आयात, विक्री किंवा जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परदेशातून येताना बॅगेत टाकून आणणं ही आयातच. त्यामुळे मी उघडलेला नमुना तिथेच ठेवून आलो. आणि ज्यानं कधी सिगारेट ओढली नाही, त्याच्या बाबतीत तपासणीचा प्रश्नच येत नाही. त्यानं ही वस्तू हातात घेऊ नये. हा लेख सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढ माणसाला समोर ठेवून लिहिला आहे.

आता वस्तूकडे. भावाकडे एक संपलेला नमुना होता, तोच उघडला. (हे घरी करू नका. लिथियमच्या बॅटरीला सुरी लागली तर ती पेट घेते.) आत फार काही नसतं. एक बोटाएवढी गोल बॅटरी. तिच्या डोक्यावर चकतीसारखा सेन्सर, मायक्रोफोनच्या जातीचा. माणसानं झुरका घेतला की आतला हवेचा दाब किंचित घटतो, ते सेन्सर ओळखतो आणि बॅटरीचा प्रवाह कॉइलकडे सोडतो. कॉइल म्हणजे तारेचं किंवा जाळीचं बारीक वेटोळं, कापसानं लपेटलेलं. कापूस रसात भिजलेला असतो. रस म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादाची रसायनं आणि निकोटीन. कॉइल तापली की रसाची वाफ होते, ती बाहेर येताना थंड होऊन तिचे सूक्ष्म थेंब बनतात आणि आपल्याला धुरासारखं काही दिसतं. इथे काही जळत नाही, निदान जळू नये. सिगारेटचं टोक झुरक्याच्या वेळी ९०० अंशांच्या आसपास तापतं आणि तंबाखूच्या जळण्यातून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड निघतात. भावाची धाप कमी झाली तिचं कारण या फरकात आहे.

मीटर लावला तेव्हा एक गोष्ट दिसली आणि मी थांबलो. रस संपला होता, वस्तू कचऱ्यात जायची होती, पण बॅटरी ३.८ व्होल्ट दाखवत होती. म्हणजे निम्मी भरलेली. मग कागद घेतला. बॅटरीवर ६५० मिलिअँपिअर-तास छापलेलं होतं. ३.७ व्होल्टनं गुणलं की साधारण २.४ वॉट-तास, म्हणजे सुमारे ८,६०० ज्यूल. कॉइलचा रोध १.२ ओहम भरला, तेव्हा ती ११ वॉटच्या आसपास खाते. तीन सेकंदांच्या झुरक्याला सुमारे ३४ ज्यूल. भागाकार केला तर एका चार्जमध्ये अडीचशे झुरके, तेही काही वाया न जाता. खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत ५,००० छापलेलं.

चार्जिंगचं भोक कशासाठी आहे, ते या आकड्यांवरून कळतं. पूर्वीच्या फेकायच्या वेपमध्ये २ मिली रस असे आणि एकदा भरलेली बॅटरी तेवढ्याला पुरे. मग रस पाचपट झाला. इतक्या रसाला पुरेल एवढी बॅटरी घातली तर वस्तू खिशात मावेना. म्हणून छोटीच बॅटरी ठेवली आणि तिला भोक दिलं. भोक पाहून घेणाऱ्याला वाटतं की ही टिकाऊ, पुन्हा वापरायची वस्तू आहे. ५,००० झुरके खरे धरले तरी ती बॅटरी वीस वेळा चार्ज होते आणि कचऱ्यात जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये फेकलेल्या वेपमधल्या बॅटऱ्या काढून तपासल्या, तेव्हा त्या शेकडो वेळा चार्ज करूनही चांगल्या चालल्या. त्याच वर्षी मटेरियल फोकस या संस्थेनं ब्रिटनमध्ये दर आठवड्याला सुमारे ५० लाख वेप फेकल्या जातात, असा अंदाज दिला होता. यातल्या कित्येक साध्या कचऱ्यात जातात, कचऱ्याच्या गाडीत चिरडल्या जातात आणि तिथे आगी लागतात.

५,००० या आकड्याबद्दलही सांगायला हवं. झुरका म्हणजे किती? प्रयोगशाळेत वेप तपासण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे : तीन सेकंदांत ५५ मिली हवा, आणि दर तीस सेकंदांनी एक झुरका. खोक्यावरचा आकडा या मापानं काढलाय की एका सेकंदाच्या चुटपुटत्या ओढीनं, हे खोकं सांगत नाही. म्हणून तो आकडा मी हिशेबातच घेत नाही. मी दोन आकडे शोधतो : रस किती मिली आणि निकोटीन किती.

भावाच्या खोक्यावर होतं १० मिली आणि ५ टक्के. ५ टक्के म्हणजे मिलीला ५० मिलिग्रॅम, म्हणजे एका वस्तूत ५०० मिलिग्रॅम निकोटीन. ब्रिटनमध्ये २०१६ पासून नियम आहे की टाकीत २ मिलीपेक्षा जास्त रस नको आणि मिलीला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन नको. त्या हिशेबानं कायदेशीर वस्तूत जास्तीत जास्त ४० मिलिग्रॅम. भावाच्या हातातली वस्तू साडेबारा पट होती, म्हणजे त्या देशातही बेकायदाच. ती त्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातून, उजेडात, पैसे मोजून घेतली होती. त्याला हे मी सांगितलं तेव्हा तो बराच वेळ खोकं उलटसुलट करत राहिला.

द्रवातलं सगळं निकोटीन शरीरात जात नाही, हे खरं. पण एक सिगारेट माणसाला साधारण १ ते दीड मिलिग्रॅम देते हे लक्षात घेतलं, की ५०० चा अर्थ कळतो. आणि हे निकोटीन घशाला खुपत नाही. त्यात बेन्झोइक आम्ल मिसळून त्याचा क्षार केलेला असतो, त्यामुळे एवढ्या ताकदीचा रसही गुळगुळीत उतरतो. घशाला बसणारा ठसका हा शरीराचा पहारेकरी होता, तो इथून उठवलेला आहे.

आणखी एक पहारेकरी गेलाय, त्याकडे भावानंच माझं लक्ष वेधलं. सिगारेट संपते. पेटवायला बाहेर जावं लागतं, पाच मिनिटांनी थोटूक विझवावं लागतं, संध्याकाळी पाकिटात किती उरल्या ते दिसतं. "याला शेवटच नाही रे," तो म्हणाला. टीव्ही बघताना, गाडीत सिग्नलला, रात्री जाग आली तर उशीखालून काढून दोन झुरके. दिवसाला किती ओढतो, हे त्याला सांगता येईना. पूर्वी 'पंधरा' असं चटकन सांगायचा.

कॉइलवर मला अंमळ रेंगाळायचंय, कारण या वस्तूतली सगळ्यात दुबळी कडी तीच. बदलता येणारी कॉइल लोक आठवड्या-दोन आठवड्यांत बदलतात, कारण स्वादातली साखरेसारखी द्रव्यं तिच्यावर काळा थर धरतात. इथे एकच कॉइल सगळा १० मिली रस संपेपर्यंत तापत राहते. रस किती उरलाय ते बाहेरून दिसत नाही. कापूस कोरडा पडला की तो करपतो, आणि कोरड्या कॉइलवर रसाचं तापमान वाढून फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्यं तयार होतात. करपट चव लागते तेव्हा ते झालेलं असतं. मी परतल्यानंतर वर्षभरानं, २०२५ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांचा अभ्यास आला. त्यांनी तपासलेल्या फेकायच्या वेपपैकी काहींत शिसेमिश्रित कांशाचे भाग होते आणि त्यांतून शिसं रसात उतरत होतं. झुरक्यांची संख्या वाढत गेली तसं निकेल आणि क्रोमियमचं प्रमाणही वाढत गेलं. म्हणजे खोक्यावर जो आकडा मिरवतात, त्या लांबलचक आयुष्याच्या शेवटी शेवटी वाफ अधिक वाईट होते. माझ्या मते या वस्तूविरुद्धचा हा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

मग सिगारेट सुटायला वेप मदत करते, हे खोटं का? नाही. २०१९ मध्ये इंग्लंडमधला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला, ८८६ माणसांवरचा. वर्षभरानंतर वेप घेणाऱ्यांपैकी १८ टक्के सिगारेटपासून दूर होते. निकोटीनचा च्युइंगगम, पट्टी वगैरे घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्के. हा फरक किरकोळ नाही. पण त्या प्रयोगात दिलेली वेप पुन्हा भरायची होती, सोबत मिलीला १८ मिलिग्रॅमची बाटली, आणि पुढचा रस आपल्याला हव्या त्या ताकदीचा घ्या असं सांगितलेलं. शिवाय आठवड्याला भेटून धीर देणारी माणसं होती. तरीही, वेपच्या मदतीनं सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही वेप ओढतच होते.

माझा निर्णय इथे ठरला. सिगारेटवरून वेपवर येणं ही एक पायरी आहे, आणि पायरीला खाली उतरायची सोय हवी. २० वरून १०, १० वरून ५, मग शून्य. बंद डब्यातल्या ५ टक्क्यांना खालची पायरीच नसते. संपली की तशीच दुसरी घ्यायची. भावाला मी तीन गोष्टी सांगितल्या : पुन्हा भरता येणारी घे, कॉइल बदलता येणारी घे, आणि बाटलीवरचा आकडा स्वतः ठरव. चार्जिंग रात्री उशाशी लावून झोपू नकोस, हेही. बाटली उंच कपाटात ठेवायची, कारण थोडासा रसही लहान मुलाला घातक ठरू शकतो.

१ जून २०२५ पासून ब्रिटननं एकदाच वापरायच्या वेपच्या विक्रीवर बंदी घातली. व्याख्या करताना त्यांनी नेमकं भोकाचं कोडं सोडवलं : नुसती चार्ज होते म्हणून वस्तू पुनर्वापराची ठरत नाही, रस पुन्हा भरता यायला हवा आणि कॉइल असेल तर ती बदलता यायला हवी. ही व्याख्या वाचून मला मनापासून बरं वाटलं.

आपल्याकडे छुप्या मार्गानं या वस्तू मिळतात, पुण्यात मुलांच्या हातात मी पाहिल्या आहेत. बेकायदा मालावर छापलेल्या आकड्यामागे उभं राहणारं कुणी नसतं, त्यामुळे वर केली तशी तपासणी इथे करताच येत नाही. सिगारेट किंवा तंबाखू सोडायची असेल त्यांच्यासाठी राष्ट्रीय क्विटलाइन आहे, १८००-११२-३५६, फोन फुकट. निकोटीनचा २ मिलिग्रॅमचा च्युइंगगम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो.

भावाचे फोटो अधूनमधून येतात. चेहऱ्याचे नसतात, बाटलीच्या लेबलाचे असतात. आधी २०, नंतर आठ महिने २०, मग एकदा १०. गेल्या महिन्यात मी विचारलं, ५ ची मिळते का तिकडे?

"मिळते," तो म्हणाला. "पण थंडी जाऊ दे. थंडीत डेपोवर रात्रपाळी असते, दादा."

मी बरं म्हटलं, आणि मार्चमध्ये पुन्हा विचारायचं कॅलेंडरवर लिहून ठेवलं.