पुलगावचे ऊन आणि विजेचे बिल
वर्धा नदीकाठच्या पुलगावात मे महिन्यात पारा 45 अंशांकडे झेपावतो, तेव्हा गच्चीवरील सौर पॅनेल सर्वाधिक वीज देत असतील असा समज होतो. परंतु पॅनेलला हवा असतो तो प्रकाश, उष्णता नव्हे, आणि त्यातील सिलिकॉनचे सेल 65 अंशांपर्यंत तापले, की 25 अंशांवर मोजलेली त्यांची क्षमता दर अंशामागे सुमारे 0.35 टक्के, म्हणजे एकूण 14 टक्के उतरते. म्हणूनच पॅनेल व स्लॅब यांच्यामध्ये वारा खेळेल इतकी जागा सोडणे अगत्याचे ठरते. दिवसाची शिल्लक वीज महावितरणच्या जाळ्यात सोडून ती रात्रीच्या कूलरच्या युनिटांतून वजा करून घेण्याच्या पद्धतीस ‘नेट मीटरिंग’ म्हणतात. ही सोय असल्यास महागडी बॅटरी मुख्यतः वीज गेल्यावरच्या अंधारापुरतीच लागते.