कचऱ्याचे कायदे आणि माणसाचा हात

दरवर्षी 6 डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर दोन दृश्ये शेजारी शेजारी दिसतात. एकीकडे चैत्यभूमीकडे शांतपणे सरकणारी रांग आणि पुस्तकांच्या दुकानांपुढील गर्दी. दुसरीकडे भोजनदानाच्या मंडपामागे साठत जाणारा ताटल्या, पेले आणि उष्ट्या भाताचा ढीग. तो ढीग उपसणारे सफाई कामगार बहुतांशी कोणत्या समाजातून येतात, हे सांगावयास नको. म्हणून कचऱ्याचा प्रश्न आपल्यासाठी केवळ स्वच्छतेचा नाही, तो सामाजिक न्यायाचाही आहे.

प्रथम प्लास्टिकचा विचार करू. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. गटारे व नाले तुंबण्यास प्लास्टिकच्या पिशव्याही कारणीभूत होत्या, हे त्या वेळी सर्वांच्या ध्यानात आले. त्यानंतर राज्य शासनाने 50 मायक्रॉनहून पातळ पिशव्यांना मनाई केली. 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने पिशव्या, एकदाच वापरावयाची ताटे-पेले आणि थर्माकोल यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्यास 5,000, दुसऱ्यास 10,000 आणि तिसऱ्यास 25,000 रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी शिक्षा ठरली. मात्र अंमल सुरू होताच काही दिवसांत किराणा मालाच्या वेष्टनाला सवलत देण्यात आली. पुढे केंद्र शासनाने 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरावयाच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी घातली.

बंदीचा परिणाम झालाच नाही, असे म्हणणे योग्य होणार नाही. लालबाग-परळच्या गणेशोत्सवात थर्माकोलच्या मखरांची जागा पुठ्ठा, कागद व कापड घेऊ लागले. परंतु भाजीबाजारात पातळ पिशवी आजही मिळते. दंड बहुधा फेरीवाल्याच्या वाट्यास येतो. पिशवी तयार करणाऱ्या कारखान्यापर्यंत तो क्वचित पोहोचतो.

अन्नाच्या नासाडीचा इतिहास याहून जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 मध्ये, मुंबईत शिधावाटप सुरू झाले. त्या काळी अन्न वाया घालविणे हा शेजाऱ्याच्या घासावरील घाला मानला जाई. आज धोरणाची भाषा निराळी आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला व सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक केले. महापालिकेने 2 ऑक्टोबर 2017 पासून 20,000 चौरस मीटरहून मोठ्या, अथवा दररोज 100 किलोहून अधिक ओला कचरा निर्माण करणाऱ्या संकुलांना आवारातच त्याची विल्हेवाट लावण्यास सांगितले. 2019 मध्ये उरलेले चांगले अन्न गरजूंपर्यंत पोहोचविण्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने स्वतंत्र विनियम केले. 2022 मध्ये हाजी अलीजवळ, केशवराव खाड्ये मार्गावर, उपाहारगृहांतील अन्नकचऱ्यापासून वीज निर्माण करून तीवर वाहने भारित करणारे केंद्रही सुरू झाले.

या सर्व नियमांचा पाया एकच आहे: वर्गीकरण. वेगळा ठेवलेला भाजीचा देठ खत होतो. वेगळी ठेवलेली स्वच्छ बाटली पुन्हा कच्चा माल होते. दोन्ही एकत्र झाले की दोन्ही निकामी होतात. पिशवीत बांधलेले अन्न हवेवाचून कुजते आणि त्यातून मिथेन हा ज्वलनशील वायू तयार होतो. 1927 पासून मुंबईचा कचरा पोटात घेणाऱ्या देवनार क्षेपणभूमीला जानेवारी 2016 मध्ये भीषण आग लागली, तेव्हा धुराने प्रथम गुदमरली ती भोवतालची गरीब वस्ती. गिरगावच्या ताटातील उष्टे गोवंडीच्या मुलाच्या फुफ्फुसात जाते, असा हा शहराचा भूगोल आहे.

आणि घरात न झालेले वर्गीकरण अखेर कोणीतरी करतेच. आपण गाठ मारून फेकलेली पिशवी कोणा सफाई कामगाराला, कोणा कचरावेचक स्त्रीला हाताने फोडावी लागते. काच लागते, जखम चिघळते. परळच्या चाळीत दीर्घकाळ राहिलेल्या बाबासाहेबांनी महापालिकेच्या सफाई कामगारांची संघटना उभी केली, कारण घाण उपसणे हा कोणाचा जन्मसिद्ध धर्म असू शकत नाही. ज्या घरात त्यांची तसबीर आहे, त्या घराने तरी आपले उष्टे दुसऱ्याच्या हाती सोपवू नये.

शासनाने कारखानदारास जबाबदार धरावे, कामगारांना हातमोजे, पादत्राणे व कायमची नोकरी द्यावी, ही मागणी आपण करीत राहिलीच पाहिजे. परंतु मागणी करणाऱ्याचे हात स्वच्छ असावेत. निवासी शाळेच्या भोजनगृहात लागेल तेवढेच वाढून घेणे, आपले ताट आपण धुणे, देठ-साली खतासाठी वेगळ्या ठेवणे, हे विद्यार्थ्यांना सहज साधण्याजोगे आहे. हीच सवय घेऊन ते 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर येतील, घरून स्टीलचा पेला आणि डबा आणतील, तर मंडपामागचा ढीग निश्चितच लहान होईल. त्या दिवशी तेथील सफाई कामगारालाही रांगेत उभे राहून अभिवादन करण्यास थोडा वेळ मिळेल.