आपल्याकडचा झेंडू नगर शहराहून जुना नाही

दसरा आला की एक मजकूर मोबाइलवर फिरायला लागतो. झेंडू वेदकाळापासूनचं आपलं फूल आहे, रामाच्या स्वागताला अयोध्येत झेंडूचीच तोरणं होती, आणि जगानं ऑक्टोबरचं 'जन्मफूल' म्हणून तो आपल्याकडूनच घेतला. यातलं एकही विधान खरं नाही. शिकलीसवरली माणसंही ते दरवर्षी पुढे पाठवतात, याची चीड येते.

झेंडू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. तिथल्या आझ्टेक लोकांच्या पूजेत आणि औषधांत तो होता. सहागुन या स्पॅनिश पाद्र्यानं सोळाव्या शतकात त्यांच्याकडून माहिती घेऊन सिद्ध केलेल्या ग्रंथात त्याचं वर्णन सापडतं. आजही १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोत पितरांच्या स्मरणासाठी झेंडूच्याच राशी लागतात. आता सनावळी पाहा. मलिक अहमद निजामशहानं नगर वसवलं १४९० मध्ये. कोलंबस अमेरिकेला पोहोचला १४९२ मध्ये. म्हणजे नगरची वस्ती उभी राहत होती तेव्हा अख्ख्या भारतात झेंडूचं रोप नव्हतं. मिरची, पेरू, सीताफळ, काजू आले तसाच तोही पुढे पोर्तुगीजांच्या व्यापारातून आला.

यात कमीपणा कसला? दसऱ्याला खरोखर जुनं आहे ते आपट्याचं पान आणि शमी. झेंडूनं आपली जागा स्वतःच्या गुणांवर मिळवली. जून-जुलैत लावला की दसरा-दिवाळीला फुलतो, तोडल्यावर लवकर कोमेजत नाही, बी घरचं धरता येतं. नगर आणि पारनेर तालुक्यातल्या कमी पावसाच्या रानात, अकोळनेरसारख्या फुलांच्या गावांत, सणाच्या पैशासाठी शेतकरी त्याच्यावर भिस्त ठेवतो. हे श्रेय त्या शेतकऱ्याचं आहे, पुराणातल्या बनावट दाखल्याचं नाही.

जन्मफुलांची यादीही प्राचीन नाही आणि भारतीय तर नाहीच. फुलांना अर्थ चिकटवण्याची हौस एकोणिसाव्या शतकात युरोपात पसरली. शार्लोत द लातूर या नावानं फुलांच्या भाषेवरचं गाजलेलं फ्रेंच पुस्तक निघालं ते १८१९ मध्ये. 'ऑक्टोबरचं फूल दुःखाचं' असं ऐकून कुणी धास्तावू नये. तो अर्थ असल्या पुस्तकांनी कॅलेंड्युलाला दिला होता. ती भूमध्य समुद्राकाठची वेगळीच वनस्पती. यादीत दोघांची सरमिसळ झाली आहे.

नोव्हेंबरची शेवंती अशुभ, हेही असंच. फ्रान्समध्ये ती थडग्यांवर वाहतात, जपानमध्ये ती सम्राटाचं राजचिन्ह आहे, आणि आपल्याकडे गौरी-गणपतीला चालते. झेंडूच्या नावांनीही फसू नये: रोपवाटिकेतले 'आफ्रिकन' आणि 'फ्रेंच' झेंडू दोन्ही अमेरिका खंडातलेच.

शेवटचा गैरसमज संगमनेर-अकोल्याच्या टोमॅटोवाल्यांसाठी. बांधावर चार झाडं लावली की कीड पळते, असं नाही. सूत्रकृमींवर परिणाम हवा तर झेंडूचं दाट पीक घ्यावं लागतं, कारण काम करतात ती मुळांतली द्रव्यं. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेची शिफारस अशी: टोमॅटोच्या १६ ओळींमागे उंच झेंडूची १ ओळ, लावताना झेंडूचं रोप ४० दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं. असं केलं तर दोन्ही एकाच वेळी फुलावर येतात आणि पतंग अंडी घालायला झेंडूकडे वळतो.