‘फुकट’ जमिनीची किंमत

अठरा डॉलरचे शुल्क भरा, पाच वर्षे राहा, जमीन कसा आणि १६० एकरांचे मालक व्हा. अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी स्वाक्षरी केलेल्या ‘होमस्टेड’ कायद्याचे सार एवढेच होते. एकवीस वर्षांवरील नागरिकांबरोबरच नागरिकत्वाचा इरादा जाहीर केलेले परदेशी स्थलांतरित, अविवाहित स्त्रिया आणि विधवाही अर्ज करू शकत. हजारो कुटुंबे कान्सास, नेब्रास्का आणि डाकोटाच्या गवताळ मैदानांकडे, म्हणजेच प्रेअरीकडे निघाली.

तेथे पोहोचल्यावर पहिली अडचण लाकडाची होती. झाडे केवळ ओढ्यांच्या काठी. त्यामुळे गवताच्या मुळांनी घट्ट विणलेल्या मातीचे पट्टे नांगराने काढून, ते विटांसारखे रचून घरे उभारली गेली. ही घरे उन्हाळ्यात गार व थंडीत उबदार राहत. मात्र पाऊस थांबल्यावरही छत गळत राही आणि भिंतींतून साप, उंदीर बाहेर पडत. जळणासाठी स्त्रिया व मुले बायसन आणि गुरांचे वाळलेले शेण गोळा करीत. आपल्याकडील गोवऱ्यांचेच हे रूप; फक्त ते थापावे लागत नसे. पाण्यासाठी काही ठिकाणी शंभर फुटांहून खोल विहिरी हाताने खणाव्या लागल्या. शिवाय प्रत्येकाने आपल्याच जमिनीवर राहावे, अशी कायद्याची अट असल्याने गावठाण असे नव्हतेच. एकाकीपण या अटीतूनच आले.

निसर्गानेही परीक्षा पाहिली. १८७४ मधील टोळधाडीने उभी पिके फस्त केली. १२ जानेवारी १८८८ रोजी सकाळची हवा उबदार असल्याने अनेक मुले जाड कपडे न घालताच शाळेत गेली. काही तासांतच आलेल्या हिमवादळात सुमारे २३५ जणांचा मृत्यू झाल्याचे मानले जाते.

मात्र मूळ दोष मोजमापातच होता. पावसाळी पूर्वेकडे १६० एकर पुरेसे असले, तरी १०० अंश पश्चिम रेखावृत्तापलीकडे पाऊस वर्षाला साधारण २० इंचांहूनही कमी. तेथील कोरड्या कुरणांसाठी २,५६० एकर हवेत, असे भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ मध्येच सांगितले होते. त्यांची सूचना मान्य झाली नाही. १९०९ मध्ये कोरड्या भागांसाठी मर्यादा ३२० एकरांवर नेली गेली, तोवर असंख्य कुटुंबे दावा अर्ध्यावर सोडून परतली होती.

शिवाय ही जमीन मुळात रिकामी नव्हती. पॉनी, लाकोटा आदी मूळ रहिवाशांना हटवूनच ती सरकारच्या ताब्यात आली होती. १९७६ मध्ये कायदा रद्द झाला (अलास्कात तो आणखी दहा वर्षे लागू राहिला), तोपर्यंत सुमारे १६ लाख दावेदारांना २७ कोटी एकर जमीन मिळाली होती. अठरा डॉलरच्या पावतीवर या किमतीपैकी कशाचीच नोंद नव्हती.