‘पेमेंट यशस्वी’ एवढ्यावर माल सोडू नका

दोन वर्षांपूर्वी रमजानच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या धारूरच्या दुकानातून अकरा ऑर्डरी केज, माजलगाव वगैरे गावी गेल्या. प्रत्येक ऑर्डरीपुढे संगणकावर हिरव्या अक्षरांत ‘पेमेंट यशस्वी’ असे आलेले होते. ईदनंतर बँकेचा हिसाब मिळवायला बसलो, तेव्हा 1,850 रुपयांच्या सूटपीसचे 18 रुपये 50 पैसे जमा दिसले. अकराही ऑर्डरींची तीच गत. कोणी फसवले नव्हते. पुतण्याने सॉफ्टवेअरमध्ये 1850 हा आकडा रुपये समजून पाठवला होता आणि पैसे वसूल करणारी यंत्रणा रक्कम पैशांत मोजत होती. माजलगावच्या एका बाईंनी त्याच दिवशी फोन करून “भाई, रक्कम फार कमी घेतली” असे सांगितले होते. गर्दीत आम्ही लक्ष दिले नाही.

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांची मुले आता दुकानासाठी सॉफ्टवेअर करून घेत आहेत, म्हणून हा विषय नीट समजून घेतलेला बरा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ज्याची विक्री फक्त गल्ल्यावर होते, त्याला यात पडण्याची गरज नाही. यूपीआय 11 एप्रिल 2016 रोजी मुंबईत सुरू झाले. त्याचा क्यूआर कागद काउंटरवर चिकटवला आणि रक्कम बोलून सांगणारा डबा ठेवला की काम भागते. अडचण येते ती बाहेरगावच्या ऑर्डरींत. दिवसाला पाचशे-पाचशेच्या चाळीस रकमा आल्या, तर कोणती रक्कम कोणत्या बिलाची हे मुनीम कसे सांगणार? तेथे बिलाचे सॉफ्टवेअर आणि पैसे वसूल करणारी कंपनी, म्हणजे पेमेंट गेटवे, यांची जोडणी लागते. मुंबईची बिलडेस्क 2000 साली सुरू झाली, बेंगळुरूची रेझरपे 2014 साली. मुंबईचीच सीसीॲव्हेन्यूही याच धंद्यात आहे.

ही जोडणी करण्यासाठी गेटवे कंपनी तयार सामान देते, त्याला क्लायंट लायब्ररी म्हणतात. लायब्ररी म्हणजे येथे वाचनालय नव्हे. आपला दर्जी पँटची चेन स्वतः घडवत नाही, बाजारातून तयार आणून शिवतो, तसेच हे. पीएचपी, पायथन, जावा अशा प्रत्येक संगणकी भाषेसाठी वेगळी लायब्ररी असते आणि बहुधा ती मोफत मिळते. पण चेन कितीही चांगली असली तरी उलटी शिवली तर दोष दर्ज्याचाच. रेझरपेच्या लायब्ररीत 1,850 रुपयांसाठी 185000 असे लिहावे लागते, आणि तसे त्यांच्या माहितीपत्रकात छापलेलेही असते. वाचतो कोण!

आता व्यवहार कसा चालतो ते पाहू. प्रथम आपले सॉफ्टवेअर गेटवेला कळवते की अमुक बिल, अमुक रक्कम. गेटवे त्याला एक ऑर्डर नंबर देतो. मग ग्राहकाच्या मोबाइलवर खिडकी उघडते, तो यूपीआयने किंवा कार्डाने पैसे भरतो. शेवटी ग्राहकाच्या मोबाइलमार्फत आपल्याकडे निरोप येतो की पैसे भरले. नवशिके येथेच थांबतात, आणि येथेच धोका आहे. जो निरोप ग्राहकाच्या हातून आला, तो बनावट असू शकतो.

जुन्या काळी हुंडीचा व्यवहार करणाऱ्यांना हे ठाऊक होते. हुंडी घेऊन माणूस दारात आला म्हणून पेढीवाला लगेच पैसे मोजत नसे. हुंडी लिहिणाऱ्याने वेगळे पत्र पाठवलेले असे, ते ताडून पाहिल्यावरच तिजोरी उघडे. गेटवेच्या निरोपासोबत तशीच एक सही येते, अक्षरे व आकडे मिळून झालेली. ती आपल्याकडच्या गुप्त किल्लीने ताडून पाहावी लागते आणि हे काम लायब्ररी एका ओळीत करते. त्यानंतर जमा रक्कम बिलाच्या रकमेशी मिळवावी. आमच्याकडे सही बरोबर होती, रक्कम कोणी पाहिलीच नव्हती.

ही गुप्त किल्ली म्हणजे तिजोरीची चावी. ती मोबाइल ॲपमध्ये किंवा वेबसाइटच्या पानात लिहू नये, कारण तेथून कोणीही ती वाचू शकतो. ती फक्त आपल्या सर्व्हरवर असावी. सॉफ्टवेअर करणारा मुलगा काम सोडून गेला तर त्याच दिवशी किल्ली बदलून घ्यावी. मुलगा दयानतदार असला तरीही.

आपल्या डोंगरी भागात नेटवर्क मध्येच जाते. ग्राहकाचे पैसे कापले जातात आणि त्याचा मोबाइल गप्प होतो. यासाठी गेटवे थेट आपल्या सर्व्हरला कळवण्याची सोय ठेवतो, तिला वेबहुक म्हणतात. ती जरूर चालू करावी. मात्र एकच निरोप दोनदा येऊ शकतो. खातेवहीत तो दोनदा जमा होऊ नये, अशी तजवीज सॉफ्टवेअरमध्ये हवी. शिवाय कार्डाची रक्कम काही वेळा फक्त अडकवून ठेवलेली असते; ठरलेल्या मुदतीत ती ‘कॅप्चर’ केली नाही तर ग्राहकाला परत जाते, आणि माल तर गेलेला असतो. कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवण्याची मुभा व्यापाऱ्याला 1 ऑक्टोबर 2022 पासून नाही.

खर्चाचे म्हणाल तर अनेक कंपन्यांचा दर दोन टक्क्यांच्या आसपास असतो, त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 1,000 रुपयांच्या विक्रीत 23 रुपये 60 पैसे जातात आणि 976 रुपये 40 पैसे हाती येतात. कापडाच्या धंद्यात ही लहान रक्कम नव्हे, भाव ठरवताना धरावी. पैसेही त्याच क्षणी आपल्या खात्यात येत नाहीत, बहुधा एक-दोन कामकाजाचे दिवस लागतात. तोपर्यंत ते बँकेतील वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावेत, असा नियम रिझर्व्ह बँकेने मार्च 2020 मध्ये केला. गेटवेकडे रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे की नाही, हे पाहूनच करार करावा. याच कंपन्या पुढे विक्रीच्या जोरावर कर्जही देऊ करतात. त्याचा आकार व्याज आहे की सेवेचा मोबदला, हे कागद घेऊन आपल्या आलिमांना विचारावे. ॲपवरचे बटण घाईने दाबू नये.

सॉफ्टवेअर हाती आल्यावर ते आधी चाचणीच्या किल्लीवर चालवावे, त्यात खरे पैसे हलत नाहीत. मग खरी किल्ली लावून घरच्याच माणसाकडून दहा रुपयांची खरेदी करावी आणि बँकेच्या पासबुकात किती जमा झाले ते स्वतः पाहावे. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा हुकूम आहे. आमचा मुनीम आता रोज मगरीबनंतर गेटवेची यादी आणि रोजमेळ शेजारी ठेवून एक-एक रकमेवर खूण करतो.

त्या अकरा जणांपैकी नऊ जणांनी बाकी रक्कम पाठवली. फोन करणाऱ्या माजलगावच्या बाईंनी सर्वांत आधी.