डिस्क घासून घ्यायची, भोकं पाडायची की बदलायची? आधी जाडी मोजा

पावसाळा सरत आला की बेळगाव, खानापूर, चंदगड पट्ट्यातल्या गॅरेजांत एक तक्रार हमखास येते. पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर बोटांखाली धडधडतो, गाडी थांबते पण थरथरत थांबते. चोर्ला घाटातून साखळी-म्हापशाला किंवा आंबोलीतून सावंतवाडीला नेहमी ये-जा करणाऱ्यांच्या गाड्या यात जास्त. मेकॅनिक डिस्कवरून नख फिरवतो, चरे लागतात, आणि मग ठरलेलं वाक्य येतं, "नवीन कशाला घालताय, उद्यमबागेतनं एक कट मारून आणतो की!" कॉलेजच्या पोरांची मागणी आणखी वेगळी. त्यांना साध्या डिस्कला भोकं पाडून हवी असतात, रेसच्या गाडीसारखी दिसायला.

बेळगावात लेथ आणि ड्रिल मशीनला तोटा नाही. फाउंड्री आणि मशीनशॉप हा या गावाचा धंदाच आहे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम करणारे टर्नर इथे गल्लीगल्लीत सापडतात. कोल्हापूर, पिथमपूर, बडोद्यातही तेच. त्यामुळे काम करून देणारा मिळेल का, हा प्रश्नच नाही. त्या डिस्कमध्ये कापून टाकण्याजोगा धातू शिल्लक आहे का, हा खरा प्रश्न आहे. आणि बहुतेक वेळा तो नसतो.

हे बघायला मेकॅनिकही लागत नाही. डिस्कच्या आतल्या अंगाला, बोल्टांजवळ किंवा काड्यांवर, बारीक इंग्रजी अक्षरांत किमान जाडी कोरलेली असते. पुढे मि.मी. मधला आकडा. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटारसायकलींच्या डिस्क नव्या असताना साधारण ४ ते ५ मि.मी. जाड असतात आणि ही मर्यादा बहुधा त्याहून अर्धा मि.मी. कमी असते. म्हणजे ४ मि.मी.ची डिस्क असेल तर ३.५ ला तिचं आयुष्य संपलं. आम्ही कॉमर्सवाले याला घसारा म्हणू: भांडवल आहे ते फक्त अर्धा मिलिमीटर, बाकीचा साडेतीन वापरायचा नाही, तो राखीव आहे.

मोजताना मात्र एक फसगत होते. पॅड डिस्कच्या अगदी कडेपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे बाहेरच्या कडेला न झिजलेली एक बारीक वळी राहते. व्हर्नियरचे जबडे सरळ लावले की ते या वळीवर टेकतात आणि झिजलेली डिस्क नवीच्या जाडीची दाखवतात. मायक्रोमीटर असेल तर उत्तम. नसेल तर दोन्ही बाजूंना, पॅड घासतात त्या पट्ट्यात, एकेक रुपयाचं सारखं नाणं धरा, सगळं मिळून मोजा आणि दोन नाण्यांची जाडी वजा करा. चाक फिरवत पाच-सहा ठिकाणी मोजा. सगळ्यात कमी आलेला आकडा खरा धरायचा, सरासरी काढायची नाही.

आता हिशेब मांडून बघू. डिस्क ४ ची होती, दोन-तीन वर्षांत ३.८ झाली. घासून सपाट करायची तर सगळ्यात खोल चऱ्यापर्यंत कापावं लागतं, तेही दोन्ही बाजूंनी. प्रत्येक बाजूला ०.१ गेला तरी डिस्क ३.६ वर आली. मर्यादेला उरला ०.१. पॅडचा पुढचा जोड संपायच्या आत तो जाईल. म्हणजे घासणावळ दिली, चाक खोललं, बसवलं, आणि काही महिन्यांत पुन्हा नवी डिस्क घेतलीच. १५० सीसीच्या साध्या गाडीची डिस्क हजार-दोन हजारांच्या घरात मिळते. नीट ग्राइंडिंग करून घ्यायला काही शे रुपये जातातच. वाचलं काय?

पैशाचं सोडा, घाटाचं बघा. ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करतो. गाडी आणि दोन माणसं मिळून ३०० किलो धरले, तर ताशी ६० वरून पूर्ण थांबताना सुमारे ४२ हजार ज्यूल उष्णता तयार होते. हीच गाडी ६०० मीटर उंचीचा घाट उतरते तेव्हा साडेसतरा लाख ज्यूलच्या वर ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ६० वरून बेचाळीस वेळा थांबल्याइतकी! यातली बरीचशी हवा आणि इंजिन खातं, अर्थात गाडी योग्य गिअरमध्ये असेल तर. न्यूट्रल टाकून उतरणाऱ्यांची सगळी भिस्त डिस्कवर.

डिस्क ही उष्णता पहिल्या झटक्यात स्वतःच्या वजनात साठवते, मग हळूहळू हवेला देते. ४ ची ३.५ झाली की साठवणाऱ्या धातूचा आठवा भाग गेला. जी डिस्क एका जोरदार ब्रेकमध्ये १४० अंशांनी तापली असती ती आता १६० अंशांनी तापेल. आणि ही उष्णता पॅडमधून, पिस्टनमधून ब्रेक ऑइलपर्यंत जाते. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतलं पाणी शोषून जुनं झालं की हीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, लिव्हर स्पंजासारखा आत जातो आणि हाताशी काही लागत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत दोन वर्षांत ऑइल बदला असं कंपन्या सांगतात, ते उगाच नाही. किती जण बदलतात, हे ज्याचं त्याने आठवावं.

मग घासायचा सल्ला आला कुठून?

हा सल्ला खोटा नाही, तो दुसऱ्या डिस्कचा आहे. मोटारगाड्यांच्या डिस्क बिडाच्या, जाडजूड, वीस-बावीस मि.मी.च्या असतात. त्यांना लेथवर कट मारणं ही जगभरची जुनी पद्धत आहे. मोटारसायकलींचंही आधी तसंच होतं. १९६९ मध्ये होंडाने सीबी ७५० ही गाडी आणली, त्यावर पुढे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक होता. त्या काळच्या जपानी डिस्क स्टेनलेस स्टीलच्या, भोकं नसलेल्या आणि सहा-सात मि.मी. जाड होत्या. पावसात त्या बदनाम होत्या. लिव्हर दाबला की पॅड आणि डिस्कमधला पाण्याचा थर पुसला जाईपर्यंत गाडी पुढे जातच राहायची. म्हणून लोक त्या मशीनशॉपमध्ये नेऊन भोकं पाडून घ्यायचे, पातळ करून घ्यायचे. जाडी भरपूर होती, ते चाललं. पुढे कंपन्यांनीच डिस्क पातळ केल्या आणि भोकं पाडूनच देऊ लागल्या. आपल्याकडे १९९९ च्या हिरो होंडा सीबीझेडपासून पुढे डिस्क ब्रेक सर्वसामान्यांच्या गाडीवर रुळला, तोवर ती जाडी केव्हाच इतिहासजमा झाली होती. आज मोबाइलवर परदेशातल्या कुणाच्या तरी पन्नास वर्षांच्या जुन्या गाडीचा व्हिडिओ बघून आपण आपल्या ४ मि.मी.च्या डिस्कला तोच उपचार करायला निघतो.

धातूही वेगळा. मोटारसायकलची डिस्क बहुधा उष्णता देऊन कडक केलेल्या स्टेनलेस स्टीलची असते. लेथवर चकमध्ये धरली आणि एका बाजूने टूल लावलं की ती पातळ पत्र्यासारखी मागे दबते, थरथरते आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. कारागीर कितीही हुशार असला तरी. अशी डिस्क सरफेस ग्राइंडरवरच, भरपूर कूलंट सोडून, दोन्ही बाजूंनी थोडी थोडी घासावी लागते.

तिथेही एक गंमत आहे, आणि ती ठाऊक नसल्यामुळे पैसे वाया गेलेले अनेक जण भेटतात. सरफेस ग्राइंडरवर वस्तू चुंबकाच्या टेबलाने धरतात. डिस्कचं हे स्टील चुंबकाला चिकटतं. डिस्क वाकडी असेल तर चुंबक तिला ओढून टेबलावर सपाट चिकटवतो. मशीन सपाट डिस्क घासतं, छान आरसा होतो. चुंबक बंद केला की डिस्क पुन्हा आपल्या मूळ वाकड्या आकारात येते! चकाकी नवी, वाक जुना, जाडी कमी. वाक काढायचा तर खालच्या फटीत पातळ पत्र्याच्या शिम घालून डिस्क न दाबता धरावी लागते. हे करणाऱ्याला विचारून घ्या, "शिम लावणार का?" त्याच्या तोंडाकडे बघूनच उत्तर कळेल.

थरथरीचं कारण डिस्कच असेल असं नाही

घासण्याआधी डायल गेज लावून डिस्क किती हलते ते बघायला हवं. बऱ्याच गाड्यांत ०.२ ते ०.३ मि.मी.पर्यंत चालतं, नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. त्यापेक्षा जास्त आलं तरी लगेच डिस्कवर खापर फोडू नये. हबवर जिथे डिस्क बसते तिथे गंज किंवा लाल मातीचा कण अडकला, एक बोल्ट कमी आवळला गेला, चाकाचं बेअरिंग ढिलं झालं, कॅलिपरच्या पिना चिखलाने जाम झाल्या, यातल्या कशानेही लिव्हर धडधडतो. कधी डिस्क सरळच असते, फक्त तिच्यावर पॅडचा माल ठिकठिकाणी चिकटलेला असतो. बारीक पॉलिश पेपर आणि ब्रेक क्लीनरने तो निघतो. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या किंवा गोव्याच्या खाऱ्या हवेतल्या गाडीवर तांबूस थर दिसतो, तो तर दोन-चार ब्रेकमध्येच जातो.

आणि डिस्क खरोखर वाकडी असेल तर ती घाटानेच वाकवली असंही नाही. पंक्चर काढताना चाक डिस्कच्या बाजूने जमिनीवर टाकून वर पाय देऊन टायर उचकटला जातो, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिथेच डिस्क वाकते. चाक टाकायचंच तर डिस्क वर, किंवा खाली जुना टायर ठेवा म्हणावं.

आणखी एक. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की एबीएस काम करताना लिव्हर टकटक करतोच. तो दोष नाही. हलक्या ब्रेकलाही, कोरड्या रस्त्यावर, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला थरथर येत असेल तरच तपासणी करा. अशा गाड्यांत डिस्कजवळ दातेरी कडी असते, काहींत तर ती डिस्कच्याच बोल्टांवर बसते. डिस्क काढताना ती वाकली की मीटरवर एबीएसचा दिवा पेटून बसतो.

भोकांचा नाद

भोकांनी पाण्याला आणि मातीला निघायला वाट मिळते, पॅडचा पृष्ठभाग साफ राहतो, वजन थोडं कमी होतं. हे फायदे खरे आहेत. पण बहुतेक गाड्यांवर कंपनीने दिलेल्या डिस्कला भोकं आधीच आहेत. त्यात आणखी पाडली की उष्णता साठवणारा धातू आणि पॅडला घासायला मिळणारी जागा, दोन्ही घटतात. थांबायचं अंतर त्याने कमी होत नाही.

मुख्य धोका तड्यांचा. डिस्क दर ब्रेकला तापते, फुगते, निवते, आकसते. भोकाच्या कडेवर हा ताण एकवटतो. कारखान्यात साधारणपणे भोकं आधी पाडतात, मग डिस्क कडक करतात आणि शेवटी ग्राइंड करतात. भोकांची जागाही अशी आखलेली असते की दोन भोकांमध्ये, कडेजवळ आणि काड्यांच्या मुळाशी पुरेसा धातू राहील. आपण कडक झालेल्या डिस्कला नंतर ड्रिल लावतो. ड्रिल जळतं, भोकाची कड खरबरीत राहते आणि त्या खरबरीत कडेतूनच तडा सुरू होतो. ड्रिल चालेना म्हणून डिस्क तापवून मऊ केली तर तिथला कडकपणा गेला, ती जागा लवकर झिजणार. अंदाजाने पाडलेली भोकं एकसारखी नसली तर पॅड प्रत्येक फेऱ्याला वेगळं पकडतो. म्हणजे थरथर विकतच घेतली. जोरात ब्रेक लावताना गाडीचा बहुतेक भार पुढच्या चाकावर येतो. तिथली डिस्क भोकापासून कडेपर्यंत चिरली आणि तुकडा कॅलिपरमध्ये अडकला तर चाक जागच्या जागी थांबतं. स्वार थांबत नाही.

दिसायचीच हौस असेल तर त्याच मॉडेलसाठी बनवलेली, नावाजलेल्या कंपनीची भोकांची किंवा लाटेरी कडेची डिस्क विकत मिळते. ती घ्यावी.

घासून घेणं शहाणपणाचं ठरेल अशा गाड्या आहेत. सुटे भाग मिळत नाहीत अशी जुनी गाडी, जाड डिस्क, मर्यादेच्या वर चांगला पाऊण-एक मि.मी. धातू शिल्लक, आणि शिम लावून ग्राइंड करणारा माहितगार. इंदूर-हैदराबादपासून पणजीपर्यंत जुन्या गाड्या जपणारी मंडळी हे करून घेतात. काम झाल्यावर त्याच्याकडूनच जाडी लिहून घ्या, तीही चार ठिकाणची.

डिस्क नवी असो की घासलेली, पॅड नवेच घालायचे. जुन्या पॅडवर जुन्या चऱ्यांचा साचा उठलेला असतो. बोल्ट समोरासमोरचे आलटून-पालटून, टॉर्क रेंचने, थ्रेड लॉक लावून आवळायचे. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ५० पर्यंत जाऊन दहापर्यंत हळू यायचं, पूर्ण थांबायचं नाही, असं आठ-दहा वेळा, मध्ये डिस्कला निवायला वेळ देत. पॅड आणि डिस्क एकमेकांना बसायला एवढं लागतंच. त्याच दिवशी दोघं बसून, सामान लादून चोर्ला उतरायला निघू नका. आणि घाट उतरून आल्या आल्या गाडी वॉशिंगवाल्याकडे नेऊन तापलेल्या डिस्कवर गार पाण्याचा फवारा मारून घेऊ नका. दहा-पंधरा मिनिटं चहा घ्या, तोवर ती निवते.